उष्णता संक्रमण, सच्छिद्र पदार्थांतील : बहुस्तरीय गणन

वीट, लाकूड, माती, उष्णतारोधक फेस इ. पदार्थांत घन भागाबरोबरच हवेने किंवा पाण्याने भरलेली सूक्ष्म छिद्रे असतात. अशा पदार्थांतून उष्णता कशी वाहते हे ठरविण्यासाठी छिद्राच्या व संपूर्ण वस्तूच्या स्तरांवरील गणिते परस्परांशी जोडून ती संगणकाने सोडविण्याच्या पद्धतीस बहुस्तरीय गणन म्हणतात. घन भागातून उष्णता मुख्यतः संवहनाने जाते. छिद्रांतून ती संवहनाखेरीज द्रायूच्या (द्रवाच्या वा वायूच्या) हालचालीने आणि प्रारणानेही (तरंगरूपानेही) जाऊ शकते.

घटकांच्या केवळ प्रमाणावरून पदार्थाची परिणामी संवाहकता ठरत नाही. सामान्य तापमानास सिलिका काचेची संवाहकता सु. १·४ व स्थिर हवेची सु. ०·०२६ (वॉट प्रती मीटर प्रती केल्विन) असते. निम्मी काच व निम्मी हवा यांचे थर उष्णतेच्या प्रवाहास समांतर असल्यास परिणामी संवाहकता सु. ०·७१, तर लंब असल्यास सु. ०·०५ येते; म्हणजे केवळ रचनेमुळे चौदापट फरक पडतो. जे. सी. मॅक्सवेल यांनी १८७३ मध्ये विरळ विखुरलेल्या गोलांसाठी दिलेले सूत्र दाट व परस्परांना जोडलेल्या छिद्रांना अपुरे पडते.

प्रत्येक छिद्र गणितात घेणेही शक्य नसते. १ सेंमी. बाजूच्या घनाचे १ मायक्रोमीटर (मीटरचा दशलक्षांश भाग) बाजूचे घटक पाडल्यास त्यांची संख्या १ लक्ष कोटी होते. म्हणून छिद्रांहून बराच मोठा, परंतु वस्तूहून बराच लहान असा प्रातिनिधिक खंड घेतात. क्ष-किरणांनी मिळविलेल्या त्याच्या त्रिमितीय प्रतिमेवर उष्णतेची समीकरणे सोडवून परिणामी संवाहकता काढतात व ती संपूर्ण वस्तूच्या समीकरणात वापरतात. या पद्धतीच्या समांगीकरण या गणितीय पायाची मांडणी बेन्सूसाँ, ल्याँस व पापानिकोलाउ यांच्या १९७८ मधील ग्रंथात आढळते.

काही वेळा याहूनही सूक्ष्म स्तर विचारात घ्यावा लागतो. एस. एस. किस्लर यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एरोजेल या पदार्थातील बहुतेक छिद्रे काही दशक नॅनोमीटर (मीटरचा अब्जांश भाग) रुंद असतात. हवेचा रेणू दोन टकरींच्या दरम्यान सरासरी सु. ७० नॅनोमीटर अंतर जातो. त्यामुळे या छिद्रांत रेणू एकमेकांपेक्षा भिंतींवरच अधिक आदळतात. परिणामी सिलिका एरोजेलची संवाहकता स्थिर हवेपेक्षाही कमी असू शकते. नेहमीच्या समीकरणांनी हे स्पष्ट होत नाही.

तापमान थोड्याच छिद्रांच्या अंतरात झपाट्याने बदलत असेल, तर प्रातिनिधिक खंडाची कल्पना लागू पडत नाही. तापविणे आकस्मिक असल्यास घन भाग व द्रायू यांची तापमाने भिन्न राहतात आणि दोहोंसाठी स्वतंत्र समीकरणे लिहावी लागतात. उच्च तापमानास छिद्रांतील प्रारण झपाट्याने वाढते. त्यामुळे भट्टीच्या अस्तराची किंवा अवकाशयानाच्या उष्णतारोधक फरशीची जाडी सामान्य तापमानाच्या संवाहकतेवरून ठरविल्यास ती धोकादायक रीत्या कमी पडू शकते. यास्तव गणनाने आलेली मूल्ये प्रत्यक्ष वापराच्या तापमानास केलेल्या मापनाशी पडताळून पाहणे आवश्यक असते.