मोडणें, फुटणें आणि विभक्त होणें

‘ब्रेक’ म्हणजे मोडणें, असें आपण मुलांस इंग्रजी शिकवितांना सहज सांगून जातों. परंतु वर्धा जिल्ह्यांतील हिंगणीसारख्या गावीं पाहावें, तर विहिरीचा दोर तुटतो, माठ फुटतो आणि वखराची दांडी मोडते. इंग्रजींत या तिहींस एक ‘ब्रेक’ पुरतो. धोतर फाटलें म्हणजे मात्र ‘टेअर’ लागतो. उलट कपाशीचें बोंड आपल्याकडे ‘फुटतें’, इंग्रजींत तें ‘ओपन’ होतें. कारण तेथें नाश नसून पीक हातीं येणें आहे.

यावरून इंग्रजी दरिद्री ठरविण्याची घाई करूं नये. गोष्ट घराची निघाली कीं पारडें फिरतें. भावाची चूल निराळी होवो, शेताची वांटणी होवो, अथवा नुसती नोटीस जावो, आपण ‘ते वेगळे झाले’ एवढेंच म्हणतों. कोर्टाच्या इंग्रजींत एकत्रपणाचा संबंध सुटणें तें ‘सेव्हरन्स ऑफ स्टेटस’ आणि सीमा आंखून प्रत्यक्ष वांटप करणें तें ‘पार्टिशन बाय मीट्स अँड बाउंड्स’.

हा भेद केवळ पंडिती नव्हे. वर्धा जिल्हा तेव्हां ज्या मध्यप्रांतांत होता, तेथूनच गिरजाबाई विरुद्ध सदाशिव धुंडिराज हा खटला प्रिव्ही कौन्सिलांत गेला व १९१६ सालीं त्याचा निकाल लागला. गिरजाबाईंच्या पतीनें विभक्त होण्याचा इरादा कळवून दावा लावला होता. पण वांटप होण्यापूर्वींच तो वारला. एकत्र असतांना वारला असें ठरतें, तर त्या काळच्या मिताक्षरा नियमानें विधवेच्या वांट्यास केवळ अन्नवस्त्र येतें. कौन्सिलानें ठरविलें कीं, वेगळें होण्याची निःसंदिग्ध इच्छा प्रकट होतांच संबंध सुटतो. मोजणी मागाहून झाली तरी हरकत नाहीं. एका शब्दाच्या अर्थावर एका स्त्रीचा सारा निर्वाह अवलंबून होता!

पुढें १९३७ व १९५६ च्या कायद्यांनीं विधवांचे हक्क वाढले आणि २००५ पासून मुलीही जन्मतः सहभागीदार झाल्या. तरीही नुसती चूल वेगळी होणें म्हणजे कायद्यानें विभक्त होणें नव्हे. म्हणून आमची वाचकांस एवढीच सूचना आहे कीं, घरांत असा प्रसंग आल्यास नेमकें काय वेगळें झालें, स्वयंपाक, संबंध कीं शेत, हें लेखी व स्पष्ट मांडावें. संबंध सुटला म्हणून घर फुटलेंच पाहिजे, असें नाहीं.