मोटर फिरते, बोर्ड का दचकतो?

खेळण्यातली डीसी मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर खचतं आणि तिच्यावरच चालणारा आर्डुइनो बोर्ड रीसेट होतो. नवशिके मग प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात! मोटर चालवणाऱ्या एल२९३डी ड्रायव्हर चिपच्या मोटर-पुरवठ्याजवळ ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर जोडा. गच्चीवरच्या टाकीसारखा तो अचानक आलेली मागणी भागवतो. बॅटरीच मरतुकडी असेल, तर त्याचाही इलाज नाही. कपॅसिटरवरच्या पट्ट्याची बाजू ऋण. उलटा जोडला तर फुटू शकतो.

मोटरमधल्या ब्रशच्या ठिणग्यांचा विद्युत गोंगाट मात्र या कपॅसिटरला आवरत नाही. त्यासाठी ‘१०४’ छापलेला, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर थेट मोटरच्या दोन टोकांवर सोल्डर करा. ड्रायव्हरपाशी लावलात, तर मधली तार अँटेना बनून तो गोंगाट पसरवते.