फुकटचं सॉफ्टवेअर बनवतं तरी कोण?

आमच्या बचत गटाचा हिशोब आम्ही संगणकावर लिब्रे ऑफिसमध्ये ठेवतो. परवा बैठकीत एका मावशींनी विचारलं, "याचे पैसे कुणाला भरायचे?" कुणालाच नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग बनवणाऱ्याच्या हाती काय पडतं?"

अशा सॉफ्टवेअरला ओपन सोर्स म्हणतात. गटाच्या पापडाची कृती लिहून सगळ्यांना वाटली, आणि कुणी हिंगाचं प्रमाण सुधारून परत आणून दिली, तसं हे काम. त्याचा कोड कुणीही वाचावा, सुधारावा, पुढे द्यावा.

मावशींचाच प्रश्न करीम लखानी आणि रॉबर्ट वुल्फ या अभ्यासकांनी 287 प्रकल्पांतल्या 684 जणांना विचारला. 2005 साली तो अभ्यास छापून आला. सुमारे 40 टक्के लोकांना या कामाचे पैसे मिळत होते, म्हणजे सगळंच काही धर्मादाय नव्हतं. पण सगळ्यांत जोरकस कारण निघालं ते वेगळंच. आपण काहीतरी घडवतोय याचा आनंद! शिवाय स्वतःची गरज भागते, डोक्याला खाद्य मिळतं, हात तयार होतो. रांगोळी काढणारीला हे वेगळं सांगायला नको.

आता खटकणारी गोष्ट. उत्तर देणाऱ्यांत 97.5 टक्के पुरुष होते. बायकांना जमत नाही म्हणून? मुळीच नाही. गिटहब या ठिकाणी लोक आपापल्या सुधारणा पाठवतात. 2017 साली छापलेल्या एका अभ्यासात तिथे बायकांच्या 78 टक्क्यांहून जास्त सुधारणा स्वीकारल्या गेल्याचं दिसलं; पुरुषांच्या सुमारे 75. मात्र प्रकल्पात नवखी असलेली व्यक्ती बाई आहे हे नाव-फोटोवरून कळलं, की तिचं प्रमाण पुरुषांच्या खाली घसरायचं. आमच्या गटाला याचं नवल वाटलं नाही. बँकेत हिशोब दाखवायला गेलं की "सोबत कोण आलंय?" हे आम्हीही ऐकलंय.

आणि वेळेचं काय? ज्याला संध्याकाळ मोकळी, तो आनंदासाठी काम करणार. भांडी आवरून अकरा वाजतात तिनं कधी करायचं?

कोड न येणाऱ्यांनाही इथे काम आहे. अनुवाद करणं, चुका कळवणं, मदतीची पानं लिहिणं. आमच्या गटातल्या बारावी झालेल्या मुलीनं मराठी मेनूतले न कळणारे दोन शब्द वहीत टिपलेत. पुढच्या बैठकीत ते कळवायला बसणार आहोत, दुपारी तीन वाजता.