जरा सरका : चाळीस वर्षांपूर्वीच्या संगणकावरचा एक पोरकट खेळ

(सिल्व्हर पार्क, मीरारोड पूर्व येथील सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय ऐकून काहींनी खाली गेटवरच विचारलं, की एवढी मोठी माणसं असा खेळ का बनवतात? प्रश्न बरोबर आहे. आधी यंत्र दाखवतो, मग खेळ, आणि शेवटी त्या प्रश्नाकडे येतो.

हे टेबलावर आहे ते टीआरएस-80 मॉडेल 100. टँडी या अमेरिकन कंपनीने ते आपल्या रेडिओ शॅक दुकानांतून 1983 मध्ये विकायला काढलं. बनवलं होतं जपानच्या क्योसेराने. आकार जाडसर वहीएवढा, वजन साधारण 1.4 किलो. चार पेन्सिल सेलवर वीसेक तास चालतं. त्या काळी बाहेरगावी फिरणारे पत्रकार यावरच बातमी टाइप करून फोनच्या तारेवरून कचेरीत पाठवायचे. आतलं बेसिक मायक्रोसॉफ्टचं. बिल गेट्स यांनी स्वतः बराचसा कोड लिहिलेल्या शेवटच्या यंत्रांत याची गणना होते.

आता आकडे बघा. आमच्या यंत्रात मेमरी 24 किलोबाइट. तुमच्या मोबाइलने काढलेला एक फोटोही यात मावणार नाही. पडद्यावर आडव्या 40 अक्षरांच्या 8 ओळी, म्हणजे एकूण 320 जागा. ठिपके मोजले तर 240 आडवे, 64 उभे. आणि मेंदू आहे 80सी85. इथे कोणी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय का? (चार-पाच हात वर.) मग तुम्ही याला ओळखता. कॉलेजच्या लॅबमध्ये 8085 चं किट असायचं आणि बाजूला रमेश गावकरांचं जाडजूड पुस्तक. त्याच 8085 चा हा कमी वीज खाणारा भाऊ. सेकंदाला साधारण 24 लाख ठोके.

आधी काय फसलं

या यंत्रासाठी घरी बसून, हौसेखातर केलेल्या खेळाला होमब्रू म्हणतात. आम्हीही उत्साहाने सुरुवात केली ती मोठ्या खेळापासून. अख्खी विरार लोकल दाखवायची, बारा डबे, दारं, गर्दी, इंडिकेटर. दोन आठवड्यांत अडकलो. बेसिक प्रत्येक ओळ चालवताना ती नव्याने वाचतं, त्यामुळे हळू. पडदाही जुन्या पद्धतीचा एलसीडी. एखादी आकृती भरभर हलवली की मागे तिची सावली रेंगाळते. गाडी पळण्याऐवजी पुसटशी फासली जात होती.

तेव्हा आमच्यातला एक जण म्हणाला, गाडी कशाला पळवता? आपण रोज गाडीत काय करतो? बसायला जागा मागतो.

(हशा.)

तिथून खेळ सापडला. नाव, ‘जरा सरका’. तिघांचं बाकडं आहे. तिघं बसलेत. तुम्ही चौथे. अंधेरीला चढलात, स्लो गाडी आहे. तुमच्याकडे एकच बटण, स्पेस बार. दाबलं की ‘जरा सरका’. कधी शेजारचा एक घर सरकतो, कधी ढिम्म हलत नाही. चार घरं मिळाली की बूड टेकलं. पण फार वेळा दाबलंत तर खिडकीवाले काका चिडतात, उभे राहतात, आणि खेळ संपतो. स्टेशन आलं की त्यांचा राग एकाने उतरतो.

अंधेरीनंतर जोगेश्वरी, राम मंदिर, गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली, दहिसर, मीरारोड. आठ स्टेशनं. राम मंदिर 2016 मध्ये सुरू झालं, यंत्र 1983 चं. त्याची काही तक्रार नाही. सगळी नावं रोमन लिपीत साठ-सत्तर बाइटमध्ये बसतात.

आणि खेळ जिंकता येत नाही. आम्ही गणित असं बसवलंय, की तुम्ही फार हुशारीने खेळलात तर जागा मिळते साधारण दहिसरला. मग पडद्यावर येतं, ‘मीरारोड. उठा.’ (मोठा हशा.) गुण नाहीत, पुढची पायरी नाही.

आत काय चालतं

बाकडं वरून पाचव्या ओळीत आहे. यंत्र ओळी शून्यापासून मोजतं, म्हणजे त्याच्या हिशेबाने ही चौथी. एका ओळीत 40 घरं, म्हणून 4 गुणिले 40, बाकडं सुरू होतं 160 व्या घरापासून. बेसिकला सांगायचं, अमुक घरात अमुक अक्षर छाप. माणूस सरकला की पूर्ण पडदा पुसायचा नाही. फक्त जुन्या घरात रिकामी जागा आणि नव्या घरात माणूस. दोनच बदल. त्यामुळे सावलीचा त्रासही जवळपास गेला.

छापण्याच्या आज्ञेच्या शेवटी अर्धविराम द्यायचा. तो विसरला तर यंत्र पुढच्या ओळीवर जातं. तळाच्या ओळीत हे झालं की सगळा पडदा एक ओळ वर. आमचे काका पहिल्या दिवशी बाकड्यासकट छतावर गेले होते ते यामुळे.

दुसरी गंमत. शेजारी सरकणार की नाही, हे नशिबावर. पण या यंत्राचं नशीब पाठ केलेलं आहे. प्रोग्रॅम प्रत्येक वेळी चालू केला की यादृच्छिक आकडे त्याच क्रमाने येतात. म्हणजे काका रोज त्याच दाबाला चिडणार. लोकलमध्ये हे तसं खरंच असतं, पण खेळात कंटाळा येतो. उपाय सोपा. सुरुवातीला यंत्राच्या घड्याळातले सेकंद वाचायचे. सदतीस असतील तर सदतीस आकडे काढून फेकून द्यायचे आणि पुढून सुरू करायचं.

तिसरी गोष्ट वेगाची. काही सांगितलं नाही तर हे बेसिक प्रत्येक संख्येला 8 बाइट देतं, दशांशासकट. आपल्याला हवे असतात पूर्णांक. काकांचा राग साडेतीन नसतो. (हशा.) सुरुवातीलाच एका ओळीत ‘सगळे पूर्णांक’ असं सांगितलं की प्रत्येकाला 2 बाइट पुरतात, आणि हिशेबही जलद होतो.

आणि मराठीचं काय? यंत्रात देवनागरी नाही. एका अक्षराला 6 बाय 8 ठिपके, त्यात वर वेलांटी, खाली उकार कुठे घालणार? पीसीवर भारतीय लिप्या दिसाव्यात म्हणून पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट कार्ड नावाचं वेगळं हार्डवेअरच दिलं होतं, यावरून अडचण किती मोठी होती ते कळेल. आम्ही फक्त शीर्षक ठिपक्या-ठिपक्याने काढलं. ‘जरा सरका’ हे नाव इथे उपयोगी पडलं. यात शिरोरेषेच्या वर काही नाही, अक्षरांच्या खाली काही नाही. दोन शब्द, दोन शिरोरेषा, रेघ मारायच्या दोन आज्ञा.

मग खेळ गेला

या यंत्रात डिस्क नाही. जे लिहाल ते मेमरीत राहतं, आणि मुख्य सेल बदलताना ती मेमरी जिवंत ठेवायला आत एक छोटी चार्ज होणारी बॅटरी असते. आमची बॅटरी म्हातारी होऊन मेलेली होती, आम्हाला पत्ता नव्हता. एका संध्याकाळी सेल बदलले. चालू केलं तर मेमरी कोरी. काका गेले, बाकडं गेलं. दुसऱ्या संगणकावर केबलने प्रत काढायची राहून गेली होती.

त्या रात्री आम्ही अक्षरशः वही-पेन घेऊन बसलो. एकाला बाकड्याचा हिशेब पाठ होता, दुसऱ्याला रागाचा, तिसऱ्याला स्टेशनांचा. साठेक ओळींचा प्रोग्रॅम दोन तासांत पुन्हा उभा राहिला. आधीपेक्षा चार ओळी कमीच भरल्या.

आता गेटवरचा प्रश्न. असा खेळ का बनवायचा? तो बारा डब्यांचा मोठा खेळ असता तर त्या संध्याकाळी कायमचा गेला असता, कारण तो आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात पूर्ण नव्हता. आज आपण दिवसभर जी यंत्रं वापरतो, ती आतून पूर्ण समजलेला एकही माणूस नाही. इथे मात्र बटण दाबल्यापासून काका चिडेपर्यंत काय काय होतं, ते आम्ही ओळीओळीने सांगू शकतो. पोरकट ठरवलं म्हणून खेळ छोटा राहिला, छोटा म्हणून पूर्ण झाला, आणि पूर्ण समजला म्हणून परत मिळाला.

एक प्रश्न

श्रोत्यांतून एका आजींनी विचारलं : नातवाला हे शिकवायचं तर असलं जुनं यंत्र कुठून आणू?

आणू नका, आजी. या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्रॅम साध्या संगणकावर फुकट चालतात. त्याला एवढंच सांगा, की पहिला खेळ एका बटणाचा कर, आणि घरातल्या कोणाला तरी हसू येईल असा कर. आणि हो, प्रोग्रॅम वहीत उतरवून ठेव म्हणावं.

यंत्र टेबलावरच आहे, रांगेने या. आणि मागच्यांना जागा द्या, जरा सरका.