अंडी घालणारे सस्तन प्राणी

परभणीच्या शेतकऱ्याला साळिंदर परिचित आहे. तसाच काटेरी असलेला ऑस्ट्रेलियातील एकिडना मात्र अंडी घालतो. प्लॅटिपस हा त्याचा जवळचा आप्त. प्लॅटिपसची मादी नदीकाठच्या बिळात बहुधा दोन अंडी उबवते. एकिडनाची मादी एकच अंडे पोटावरील पिशवीत सांभाळते. दोघींना दुग्धग्रंथी असतात, स्तनाग्रे नसतात. त्वचेतून पाझरणारे दूध पिले चाटतात. प्लॅटिपसचे शास्त्रीय वर्णन १७९९ मध्ये झाले, पण तो अंडी घालतो हे सिद्ध व्हायला १८८४ साल उजाडले. सस्तन प्राण्याची खरी ओळख दूध हीच, हे त्यातून स्पष्ट झाले. मुंग्या-वाळवीवर जगणारा एकिडना कोरड्या प्रदेशातही तग धरतो. पाण्यावर विसंबलेल्या प्लॅटिपसला मात्र धरणे आणि दुष्काळ यांनी संकटात लोटले आहे.