खाणीच्या पाण्यातले जिवाणू आणि गोळीची ‘सवय’

वेरूळचा डोंगर बेसाल्टचा. आठव्या शतकात ज्या काळ्या पाषाणात कैलास लेणं वरून खाली कोरलं गेलं, त्याच पाषाणाच्या खडीखाणी आज मराठवाड्यात जागोजागी आहेत. दगड संपला की खड्डा उरतो, पावसाळ्यात भरतो, मग तिथे गुरं येतात, धुणं येतं, पोरं पोहतात. अशा पाण्यात अँटिबायोटिकला दाद न देणारे जिवाणू असू शकतात म्हटलं, की हमखास विचारलं जातं: तिथे कुणी गोळी टाकली नाही, मग जिवाणूंना तिची सवय लागली कशी? गैरसमज या ‘सवय’ शब्दातच आहे. सवय जिवाणूला लागत नाही, रुग्णाच्या शरीरालाही नाही. ज्याच्याकडे बचावाचं जनुक असतं तो तगतो, बाकीचे मरतात, एवढंच घडतं. आणि ती जनुकं औषधांच्या कारखान्यांहून फार जुनी आहेत, कारण मातीतले सूक्ष्मजीव एकमेकांना मारणारी द्रव्यं बनवतच आले आहेत. स्ट्रेप्टोमायसिन 1943 साली मातीतल्याच जिवाणूपासून मिळालं. पेनिसिलिन फोडणारं विकर 1940 मध्ये, म्हणजे ते औषध सर्रास वापरात येण्याआधीच सापडलं होतं. अमेरिकेतल्या लेचुगिया गुहेचा अंतर्भाग सुमारे 40 लाख वर्षं बाहेरच्या जगापासून तुटलेला होता. तिथल्या काही जिवाणूंनी 14 वेगवेगळ्या प्रतिजैविकांना तोंड दिल्याचं 2012 मध्ये प्रसिद्ध झालं.

खाणीत आणखी एक गोष्ट घडू शकते. तांबं, जस्त, आर्सेनिक पेशीत साचू नये म्हणून जिवाणू ते बाहेर फेकणारे प्रथिनांचे पंप वापरतात. यांतले काही पंप औषधही बाहेर टाकतात. शिवाय धातूला आणि औषधाला रोखणारी जनुकं पुष्कळदा एकाच प्लास्मिडवर, म्हणजे एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यावर, शेजारी शेजारी असतात. त्यामुळे नुसत्या धातूच्या दाबानेही औषधरोध टिकून राहतो. पण म्हणून सगळ्या खाणी एका मापाने मोजू नयेत. भंडारा-नागपूरच्या मँगनीज खाणी किंवा चंद्रपूरच्या कोळसा खाणी वेगळ्या, खडीची खाण वेगळी. खडीच्या खाणीत मला धातूपेक्षा सांडपाण्याची, शेणामुताची आणि टाकलेल्या कचऱ्याची चिंता जास्त वाटते.

यावर एक रास्त आक्षेप येतो: हे सगळं निसर्गाचंच असेल, तर माणसाचा दोष काय? दोष जनुक निर्माण करण्याचा नाही, त्याला मोकळं रान देण्याचा आहे. मातीतल्या निरुपद्रवी जिवाणूत पडून असलेलं जनुक आजार आणणाऱ्या जिवाणूत पोचतं, तेव्हा धोका सुरू होतो. औषध मिसळलेलं पाणी नेमक्या अशाच जिवाणूंना निवडून वाढवतं. हैदराबादजवळ पाटणचेरू इथल्या औषधकारखान्यांचं सांडपाणी प्रक्रिया करून सोडलं जात होतं. त्यात लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक असल्याचं 2007 मध्ये दाखवून दिलं गेलं. गोळी घेतलेल्या माणसाच्या रक्तातही ते इतकं नसतं. पुढे 2011 मध्ये दिल्लीच्या नळाच्या पाण्याच्या काही नमुन्यांतही अनेक प्रबळ प्रतिजैविकं निकामी करणारं एनडीएम-1 जनुक सापडलं.

असे जिवाणू उकळूनही मरत नाहीत, ही भीती मात्र अनाठायी आहे. औषधाला दाद न देणं आणि उष्णता सोसणं या दोन वेगळ्या गोष्टी. खळखळून उकळलेल्या पाण्यात हे रोगकारक जिवाणूही मरतात, आणि पुरेशा क्लोरीननेही मरतात. मात्र तांबं किंवा आर्सेनिक उकळून जात नाही. म्हणून धातूच्या खाणीचं पाणी उकळलं तरी पिण्याजोगं होत नाही. खाणीच्या डबक्यात रोधक जिवाणू सापडले अशी बातमी आली, तर कोणतं जनुक, कोणत्या जिवाणूत आणि ते प्लास्मिडवर आहे का, हे आधी विचारावं.