जुन्या मालमोटारीच्या नळ्यांचे सांधे व त्यांची दुरुस्ती

कांदा, ऊस, भाजीपाला बाजारांत पोंचविण्याकरितां घेतलेली जुनी मालमोटार अद्यापि कित्येक बागायतदारांच्या दारीं उभी आहे. तिचें इंजिन दणकट असतें, सांगाडाही भक्कम असतो. परंतु डिझेल, वंगणतेल व दाबलेली हवा वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांचे सांधे वयाबरोबर सैल होत जातात. त्यांची दुरुस्ती नाजुक आहे, अवघड नाहीं. मात्र ती कोठें करावी व कोठें मुळींच करूं नये, हें मालकाला स्वतःला ठाऊक असणें अगत्याचें आहे.

ह्या सांध्याचे भाग तीन: आंतून निमुळत्या तोंडाचा मुख्य तुकडा, त्यावर बसणारा नट, आणि दोहोंमध्यें नळीवर चढविलेलें लहानसें कडें. कारागीर त्याला फेरूल म्हणतात. नट आवळला म्हणजे कडें निमुळत्या तोंडांत दाबलें जाऊन नळीला घट्ट धरतें, व गळती तेथेंच अडते. नटाचे आटे केवळ जोर देतात. तेल अडविण्याचें काम त्यांचें नव्हे. म्हणून ह्या आट्यांवर सुतळी, सफेदा अथवा पांढरी टेप गुंडाळणें व्यर्थ होय. उलट टेपेचे तुकडे आंत शिरून पंपाची जाळी तुंबते. अशी टेप दिसली म्हणजे पूर्वीच्या कारागिराला ह्या सांध्याचें मर्म कळलें नव्हतें, असें खुशाल समजावें.

सांधा गळूं लागला कीं लांब पाना लावून तो आवळीत सुटणें हा दुसरा सार्वत्रिक दोष. फार आवळल्यानें कडें नळीला चेपतें, नट चिरतो, आणि थेंबाथेंबानें होणारी गळती धारेनें होऊं लागते. प्रथम नट अगदीं थोडासा फिरवून पाहावा. तेवढ्यानें न थांबल्यास सांधा उघडावा. कडें तडकलें असेल, किंवा त्याच्या बुडाशीं नळीवर ओरखडा असेल, तर नळीचें तोंड तेवढें कापून टाकावें. करवतीनें काप तिरका पडतो; नळी कापण्याचें चाकाचें हत्यार फार महाग नसतें, तेंच वापरावें. आंतली कोर साफ करून नळी फुंकून घ्यावी. मग आधीं नट, त्यामागून नवें कडें चढवावें, नळी तळाला टेकेपर्यंत आंत सारावी, आणि नट हातानें बसवून पुढें पान्यानें आवळावा. बारीक नळीस साधारण सव्वा फेरा पुरतो, जाड नळीस अधिक लागतो. पाने नेहमीं दोन घ्यावेत. एकानें मुख्य तुकडा धरून ठेवला नाहीं तर नळीच पिळली जाते. एकदां बसलेलें कडें काढून दुसऱ्या नळीवर चढवूं नये.

मापांचा घोळ याहून त्रासदायक आहे. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यांत 1954 सालापासून जर्मन कंपनीच्या सहकार्यानें मालमोटारी होऊं लागल्या, त्यांच्या नळ्या मिलिमीटरच्या मापाच्या. जुन्या इंग्रजी व अमेरिकन घडणीच्या गाड्यांच्या नळ्या इंची. 5/16 इंच म्हणजे 7.94 मिलिमीटर. त्यामुळें 8 मिलिमीटरचें कडें त्या नळीवर बसल्यासारखें दिसतें, परंतु दोहोंच्या नटांचे आटे जुळत नाहींत. पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर, तेथें 6 चें कडें चढणारच नाहीं. दुकानांत जातांना जुना नट व नळीचा तुकडा खिशांत घालून न्यावा.

आतां, जी गळती डोळ्यांना दिसत नाहीं तिच्याविषयीं. टाकीपासून डिझेल ओढणाऱ्या पंपापर्यंतच्या नळींत दाब नसतो, ओढ असते. तेथील सांधा सैल झाला तर डिझेल बहुधा बाहेर येत नाहीं. हवा आंत शिरते. सकाळीं गाडी सुरू होते, थोडें चालून बंद पडते, व मालक इंजिन उघडण्याचा खर्च करून बसतो. फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू ढिला करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबतच नसतील, तर इंजिनास हात न लावतां टाकीकडील एकेक सांधा तपासावा. हवेच्या ब्रेकच्या नळ्यांची परीक्षा याहून सोपी: साबणाचें पाणी लावलें कीं फेस उठतो. नायलॉनची नळी असेल तर तिच्या तोंडांत आधाराची बारीक नळकांडी घातलेली असते. ती विसरल्यास नळी चेपून निसटते.

दोन जागीं मात्र हा सांधा सर्वथा वर्ज्य. पहिली, पंपापासून इंजेक्टरपर्यंतच्या नळ्या. तेथें डिझेलचा दाब शेंकडों वातावरणांइतका असतो. ती नळी फुटल्यास तीच मापाची नवी बसवावी, आणि गळती बोटानें कधींही चाचपूं नये. बारीक धार कातडी भेदून आंत जाते.

दुसरी जागा, तेलावर चालणाऱ्या ब्रेकच्या नळ्या. रस्त्याकडेच्या दुकानांत गंजून फुटलेली ब्रेकची नळी मधून कापून तेथें कड्याचा सांधा बसवून दिला जातो. अंगणांत पेडल दाबून पाहिलें तर ती टिकतेही. आमच्या माहितीच्या एका गाडींत असा सांधा होता. कांदा भरून ती घाटाच्या अलीकडे थांबली असतां चालकाला मागच्या टायरवर ओल दिसली. पेडल दाबून पाहिलें, तों तें तळाला गेलें. घाट चार मैलांवर होता. गाडी तेथेंच रिकामी केली गेली; कांदा दुसऱ्या दोन गाड्यांतून गेला, भाडें दुप्पट पडलें, माणसें मात्र वांचली.

ब्रेक जोरानें दाबला असतां त्या नळींत दर चौरस इंचास हजार पौंडांहून अधिक दाब येतो, आणि तोही धक्क्यानें. कड्याच्या पकडींतून नळी निसटली कीं त्या बाजूचा ब्रेक गेला; जुन्या एकेरी रचनेच्या गाडींत चारही चाकांचा. तेथें पोलादी नळी पूर्ण लांबीची बदलावी, तिचीं तोंडें यंत्रानें दुहेरी दुमडून पसरलेलीं असावीत, व तांब्याची नळी स्वस्त मिळाली तरी घेऊं नये. हादऱ्यानें तांबें कठीण होऊन तडकतें. मग ब्रेक ऑइल नवें भरून हवा काढावी. त्या तेलांत इंजिनचें तेल थेंबभरही मिसळूं देऊं नये, रबरी वायसर फुगतात.

सातबाराचा उतारा जपून ठेवणारा शेतकरी गाडीची कोणती नळी केव्हां बदलली याची नोंद ठेवीत नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें. सांधा केल्यावर रिकाम्या गाडीनें पांच-सहा मैल फिरून यावें, सांधा कोरड्या फडक्यानें पुसून पुन्हां पाहावा, व मगच माल भरावा. हत्यारांच्या पेटींत आपल्या गाडीच्या मापाचीं चार कडीं, दोन नट व दोन पाने ठेवावेत. ब्रेकसाठीं त्यांतील कांहींही वापरावयाचें नाहीं, हें चालकाला सांगून ठेवावें.